आचारसंहितावाल्या मॅडम

मला नीतिमत्तेच्या कामाला लावलं ते माझ्या अनीतीच्या अनुभवावर. हे मी चेष्टेने म्हणत नाही. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांनी अंधेरीच्या कार्यालयात पाचसहा जणांसमोर हे सांगून टाकलं होतं. "डॉक्टरांना काय काय देता येतं, हे हिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तेव्हा काय देऊ नये, हेही हीच लिहील." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्यात खोटं काही नव्हतं.

वीसेक वर्षं मी दवाखान्यांना लागणारा माल विकला. औषधं नव्हेत, कमरेचे पट्टे, मानेच्या कॉलरी, गुडघ्याच्या टोप्या, वाफ घ्यायची यंत्रं. कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत, दोन गाळ्यांची. आमचा माल चांगला होता, पण चांगला माल तर शेजारच्या गाळ्यातही बनत होता. मग डॉक्टरने आमचाच पट्टा का लिहून द्यावा? त्यासाठी 'रिलेशन' ठेवावं लागे. रिलेशन ठेवणं म्हणजे काय, हे कुणी शिकवलं नाही, मी आपली शिकत गेले. बोरिवलीच्या एका डॉक्टरांच्या मुलाला ज्युनियर केजीत घालायचं होतं, तर शाळेच्या फॉर्मच्या रांगेत मी उभी राहिले. तिथे बाकीच्या आयांनी मला "तुमचा केवढा आहे?" असं विचारलं, तेव्हा मी "साडेतीन वर्षांचा" असं ठोकून दिलं. एका डॉक्टरांच्या सासूबाईंना अष्टविनायक घडवायचे होते. त्यांना गाडी लागते म्हणून मी स्वतः पिशव्या आणि लिंबं घेऊन शेजारी बसले. आठ गणपती आणि अकरा उलट्या. तिसऱ्या एका डॉक्टरांच्या मुलीचं अरंगेत्रम होतं आणि सभागृह रिकामं दिसायला नको होतं, तेव्हा आमच्या पॅकिंगच्या बायकांना मी नटवून पुढच्या रांगांमध्ये बसवलं. त्या बिचाऱ्या तीन तास भरतनाट्यम बघत होत्या आणि मृदंग थांबला की दर वेळी, संपलं बहुतेक, असं समजून टाळ्या वाजवत होत्या.

हे सगळं मला वाईट वाटत होतं का? नाही. खरं सांगायचं तर मजा वाटायची. कंपनीत माझं नाव होतं.

वाईट वाटलं ते आईमुळे. आम्ही घाटकोपरला राहतो. आईची कंबर अधूनमधून धरायची, वयच ते. एकदा मी फिरतीवर असताना ती शेजारणीबरोबर जवळच्या डॉक्टरकडे गेली. मी परत आले तेव्हा ती नऊवारीवर, चक्क बाहेरून, कमरेला पट्टा बांधून पोळ्या लाटत होती. पट्टा आमचा. डॉक्टरही आमचेच. त्यांना सहकुटुंब कुलू-मनालीला मीच पाठवलं होतं, आदल्याच महिन्यात.

"आई, हा काढ. तुला याची गरज नाहीये."

"डॉक्टरान सांगलेला सहा म्हयने लावूक. तू डॉक्टर आसस?"

"अगं, दोन दिवस पडून राहिलीस आणि शेक घेतलास तर बरं वाटेल."

"माका आताच बरा वाटता," असं म्हणून तिने पट्टा आणखी एक वेढा आवळला.

आता मी तिला काय सांगणार होते? तुझ्या कमरेवर कुलू-मनालीची सहल बांधली आहे, असं? तिने तो पट्टा पूर्ण सहा महिने लावला. मावसभावाच्या लग्नात पैठणीवर लावला आणि सगळ्या नातेवाइकांना, "हो माझ्या लेकीच्या कंपनीचो," म्हणून दाखवला. त्यातल्या दोघींनी मला तसाच पट्टा मागितला. मी त्या लग्नात नीट जेवले नाही.

पुढे आमच्या मालकांनी कंपनी मुलाकडे दिली आणि मुलाने ती विकून टाकली. मी घरी बसले. त्याच सुमाराला अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे दवाखान्यांचा माल बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष. मुलुंडला त्यांचा कारखाना आहे, तिथे रुग्णालयाचे पलंग आणि सलाइनचे स्टँड बनतात. त्यांना परदेशातल्या एका खरेदीदाराने विचारलं होतं की तुमची व्यावसायिक आचारसंहिता कुठे आहे? अध्यक्षांनी "पाठवतो" असं कळवलं होतं, आणि आता ती कुणीतरी लिहायला हवी होती. "आणि एकट्याची कशाला," ते म्हणाले, "सगळ्या सभासदांसाठीच लिही. ऐच्छिक. कुणावर सक्ती नाही. मुंबईत जमलं की बाकीच्या जिल्ह्यांतही नेऊ."

मी हो म्हटलं. पगार बरा होता आणि आईचा पट्टा डोळ्यांसमोर होता. यातलं जास्त काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

पहिला मसुदा मी एका मोठ्या कंपनीच्या आचारसंहितेवरून बेतला. त्यात तक्रारींसाठी गुप्त दूरध्वनी क्रमांक होता, नीतिमत्ता अधिकारी होता, अंतर्गत तपास समिती होती. आमचे सभासद म्हणजे सात माणसांचे कारखाने. हिशेब बायको बघते, माल मेहुणा पोचवतो. गुप्त क्रमांकावर कुणी तक्रार केली असती तर फोन मालकाच्याच खिशात वाजला असता. तरी आम्ही घाटकोपरला एक सभागृह घेऊन तो मसुदा दोन तास वाचून दाखवला. लोकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एकाने, जेवण कुठल्या मजल्यावर आहे, ते विचारलं. जाताना प्रत्येकाला संघटनेतर्फे एक पिशवी दिली. पिशवीत भिंतीवरचं घड्याळ आणि भेटवस्तू घेऊ नयेत असं सांगणारी पुस्तिका होती. घड्याळ सगळ्यांनी नेलं. पुस्तिका सफाईवाल्या बाईंनी गोळा करून ठेवल्या.

मग मी सगळं फाडून एका पानाचं केलं. मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत. माल लिहून द्यावा किंवा विकत घ्यावा म्हणून डॉक्टरला, त्याच्या घरच्यांना, खरेदी बघणाऱ्या माणसाला काही देणार नाही. सहल नाही, वस्तू नाही, समारंभाचा खर्च नाही. यंत्र कसं वापरायचं ते शिकवायला बोलावलं तर चहा आणि साधं जेवण चालेल. एवढंच. खाली सहीची जागा. सही केली की संघटनेकडून चौकटीतलं प्रमाणपत्र.

ते पान घेऊन मी गाळोगाळी फिरायला लागले. मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत वॉचमनने वहीत कामाचं कारण लिहायला सांगितलं, तेव्हा मी 'आचारसंहिता' लिहिलं. तो दचकला. "निवडणूक लागली काय मॅडम?" मी नाही म्हटलं. तरी त्याने गेटवर चिकटवलेलं एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचं पोस्टर माझ्यासमोरच ओढून काढलं. त्या वसाहतीत मी पुढे कायमची आचारसंहितावाल्या मॅडम झाले.

सह्या मात्र पटापट मिळाल्या. इतक्या पटापट मिळाल्या की मला शंका यायला हवी होती. अंधेरीत वाफेची यंत्रं बनवणाऱ्या एका गृहस्थांनी खांद्यावर फोन धरून सही केली. फोनवर ते कुणा डॉक्टरला सांगत होते, "गोव्याचं तिकीट झालंय सर, खिडकीच घेतलीय." सही झाल्यावर फोनवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "फ्रेम लाकडी येणार का फायबरची?"

जिथे सही मिळाली नाही ती जागा मानखुर्दची. तिथे एका गाळ्यात पंधरा-वीस बायका शिलाई मशीनवर हात गळ्यात अडकवायच्या झोळ्या, पट्टे, बँडेज शिवायच्या. मालकीणबाई साठीच्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. सासू बाजारात बसायची, नवरा होडीवर जायचा. यांना बाजारापेक्षा शिलाई आवडली. शेजारी राहणाऱ्या एका नर्सने, आमच्या रुग्णालयात झोळ्या धड मिळत नाहीत, असं म्हटल्यावर यांनी एक शिवून दिली, आणि त्या एका झोळीचा हा कारखाना झाला. सगळ्या जणी त्यांना मावशी म्हणायच्या, मीही म्हणायला लागले.

मावशींनी चष्मा लावला आणि ते पान ओळीओळीला बोट ठेवून वाचलं. आतापर्यंत तसं कुणी केलं नव्हतं.

"यात साधं जेवण लिवलंय. म्हंजे काय गो?"

"साधं म्हणजे... भात, आमटी, भाजी."

"नि मच्छी?"

"मच्छी चालेल."

"पापलेट का बोंबील? पापलेट काय साधं नाय आता."

मी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, कारण प्रश्न रास्त होता.

"नारली पुनवेला मी रुग्णालयातल्या सिस्टरला करंज्या देते. ती माझी मैत्रीण हाय."

"माल घ्यायचा का नाही, हे सिस्टर ठरवते?"

"नाय. ते साहेब ठरवतो."

"मग सिस्टरला द्या. साहेबाला नको."

"साहेबाला मी देतच नाय. तो सिस्टरच्या डब्यातली करंजी खाऊन म्हनतो, दुसरं काय?" मावशींनी चष्मा काढला आणि पान माझ्याकडे सरकवलं. "हे सगलं बरोबर हाय. पन मी सही नाय करनार."

"का? तुम्ही तर हे सगळं पाळताच आहात."

"मी पालते. बाजूवाला पालनार हाय का, ते कोन बघनार?"

"कुणी नाही. ऐच्छिक आहे."

"म्हंजे मी पालीन, तो नाय पालनार, नि दोघांच्या भिंतीवर सेम फ्रेम. तुझी फ्रेम घेऊन मी काय करू? माझ्या भिंतीवर जागा नाय."

भिंतीवर खरंच जागा नव्हती, तिथे दोऱ्यांची रिळं लावलेली होती. मी चहा घेऊन निघाले. मावशी हट्टी आहेत, असं अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "एक सही नाही आली तर काय बिघडतं? चाळीसेक झाल्यात. परदेशात कोण मोजतंय?"

दोनेक महिन्यांनी बोरिवलीच्या एका खाजगी रुग्णालयाचा वर्धापनदिन होता. पन्नासेक खाटांचं ते रुग्णालय आमच्या बऱ्याच सभासदांचं गिऱ्हाईक होतं. संघटनेच्या नावाने आमंत्रण आलं, म्हणून मी गेले. प्रवेशद्वारावर आर्केस्ट्रा, आत बुफे, वर हा एवढा मोठा फलक. फलकाच्या खालच्या पट्टीत 'सौजन्य' असं लिहून कंपन्यांची चिन्हं छापली होती. मी मोजली नाहीत, पण ओळखली सगळी. त्यातली बहुतेक माझ्या सह्यांच्या फायलीत होती. सगळ्यांत डावीकडे, सगळ्यांत मोठं चिन्ह मुलुंडच्या पलंगवाल्यांचं, म्हणजे अध्यक्षांचं. आर्केस्ट्राही त्यांच्याच सौजन्याने गात होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेले. त्यांच्या केबिनमध्ये प्रमाणपत्र खुर्चीच्या बरोबर मागे लावलेलं होतं, म्हणजे ते बोलत होते तेव्हा डोक्याच्या वर सगळं लिहिलेलं दिसत होतं.

"हे काय होतं काल?"

"काय होतं? पलंगांची मोठी ऑर्डर निघणार आहे तिकडे. खरेदीवाल्या साहेबाने सांगितलं, थोडं सहकार्य करा. केलं."

"तुम्ही अध्यक्ष आहात. पहिली सही तुमची आहे."

"अगं, कोड ऐच्छिक आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "मला या महिन्यात इच्छा झाली नाही."

मला इतका राग आला की मी हसले. खरंच हसू आलं. मग उतरून रस्त्यावर आले तेव्हा रडूही आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण असले आर्केस्ट्रे मी स्वतः कितीतरी ठेवले होते. मी कुठल्या तोंडाने कुणाला जाब विचारत होते? घरी जायचं मन होईना. मी रिक्षा केली आणि मानखुर्दला गेले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अरेरे केलं नाही.

"मना सांग, या लोकांना साहेबाने काय काय मागितलं, ते एकमेकांना ठाव हाय?"

"नाही. असं कुणी कुणाला सांगत नाही. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे जास्त देत असतील."

"तेच तर. आमच्या बाजारात आमी बायका मांडीला मांडी लावून बसतो. गिऱ्हाईक एकीला काय बोललं ते पाची जनींना ऐकू जातं. म्हनून कुनी कुनाला बनवत नाय. तुमचं सगलं गुपचूप. शनिवारी दुपारी माझ्या मशनी बंद असतात. बोलव सगल्यांना इकरं. काय दिलं ते नाय विचारायचं, लोक खोटं बोलतात. काय मागितलं तेवढंच विचारायचं."

मी निरोप धाडले. मला वाटलं, अंधेरी-बोरिवलीहून मानखुर्दपर्यंत कोण येतंय? पण बाराजण आले, बहुतेक कुतूहलाने. अध्यक्षही आले. माझ्या हसण्यामुळे ते जरा अस्वस्थ झाले असावेत. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा लोक शिलाई मशीनच्या स्टुलांवर बसले. मावशींनी बोंबील तळले होते आणि ते साधे असल्याचं मला बजावून सांगितलं.

सुरुवात मावशींनीच केली. "मना बोरिवलीच्या साहेबाने एसी मागितला. डॉक्टरने पवईला नवीन घर घेतलंय, तलाव दिसतो म्हने. हॉलसाठी पायजे. मी म्हटलं, मी झोल्या शिवते, एसी नाय शिवत."

थोडं हसणं झालं. मग वाफेच्या यंत्रवाल्या गृहस्थांनी घसा खाकरला.

"हॉलसाठी म्हणाला?"

"हो."

"दीड टनाचा?"

"हो. का?"

"नाही, म्हणजे... मलापण हॉलसाठीच सांगितलंय."

कोपऱ्यात घाटकोपरचे हातमोजेवाले बसले होते. ते हळूच म्हणाले, "मी कंपनीचं नावही घेऊन ठेवलंय. त्याने ठरावीक कंपनीचाच मागितला." त्यांच्या शेजारचा मुलुंडचा सलाइनच्या नळ्यांचा माणूस कपाळावर हात मारून घेत होता, म्हणजे तोही त्यातलाच. चौघे झाले. सगळ्यांचे एसी एकाच हॉलमध्ये. आता सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. ते बोंबलाचा काटा काढण्यात फार वेळ घालवत होते.

"माझा लागलासुद्धा," ते शेवटी म्हणाले. "मागच्या मंगळवारी."

मग मात्र सगळे एवढे हसले की गाळ्याबाहेर बसलेल्या दोन बायका डोकावून बघून गेल्या. कुणीतरी म्हणालं, एका हॉलमध्ये पाच एसी लावले तर डॉक्टरला घरातच न्यूमोनिया होईल, आणि मग वाफेचं यंत्र लागेलच. कुणी म्हणालं, तो साहेब बाकीचे चार दुकानात विकत असणार. अध्यक्षही हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. या माणसाला कधी कुणी बनवलं नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं.

हसणं ओसरल्यावर पत्र लिहायची कल्पना कुणाची निघाली ते आता आठवत नाही. लिहिलं मी, मावशींच्या ऑर्डरच्या वहीत. रुग्णालयाच्या मालक डॉक्टरांच्या नावाने. आम्हा पुढील पुरवठादारांकडे आपल्या खरेदी विभागातून प्रत्येकी एक वातानुकूलन यंत्र मागण्यात आलं आहे. आम्ही आमच्या आचारसंहितेप्रमाणे मालाशिवाय काहीही देणार नाही. यापूर्वी ज्यांनी दिलं त्यांची ती चूक होती. हे शेवटचं वाक्य अध्यक्षांनी काढायला लावलं. मावशींनी ते परत घालायला लावलं.

पहिली सही मावशींनी केली. मोठ्या, गोल अक्षरात, पानाच्या मधोमध.

"आता केली?" मी विचारलं.

"आता सगले बसलेत ना समोर," त्या म्हणाल्या.

बाकीच्यांनी केल्या. अध्यक्ष बाहेर जाऊन मुलाशी फोनवर बोलून आले, पेन घेतलं, ठेवलं, परत घेतलं. सही केल्यावर म्हणाले, "ऑर्डर गेली समजा."

ती गेलीच. पुढच्या आठवड्यात खरेदीवाल्या साहेबाने एकेकाला फोन केले. "तुम्ही युनियन काढलीत काय?" डॉक्टरांकडून उत्तर आलं नाही. सगळ्यांचा माल एकदम बंद झाला आणि बाहेरगावच्या एका पुरवठादाराकडून यायला लागला. हातमोजेवाले तीन आठवड्यांत फुटले. त्यांनी गुपचूप जाऊन माफी मागितली आणि पुन्हा माल द्यायला लागले. बरोबर काय दिलं ते त्यांचं त्यांना माहीत. मावशींकडची शनिवारची बैठक आता दर महिन्याला व्हायला लागली होती, पुढच्या बैठकीत त्यांचं नाव यादीतून खोडलं. संघटनेत आजवर कुणाचंच नाव कधी खोडलेलं नव्हतं, त्यामुळे ते कसं खोडायचं यावरच अर्धा तास गेला. शेवटी एक सरळ रेघ मारली.

मावशींचं नुकसान सगळ्यांत जास्त झालं. त्यांचा अर्धा माल त्या एका रुग्णालयात जात होता. मी गेले तेव्हा मशीनवर झोळ्यांच्या ऐवजी शाळेच्या दप्तरांचे पट्टे शिवणं चालू होतं. दोन बायका घरी बसवल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना. मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे झालं हे."

"तू कोन गो?" त्या मशीनवरून न उठता म्हणाल्या. "सही माझी हाय. लाज वाटायची तर त्या साहेबाला वाटूदे. बस, चा पी."

मी बसले. दप्तराचे पट्टे उलटे करून दिले तासभर. तेवढंच मला येत होतं.

साडेचार-पाच महिन्यांनी त्या रुग्णालयातून मावशींना फोन आला. साहेबाचा नाही, मेट्रनबाईंचा. नव्या पुरवठादाराच्या झोळ्या गाठीपाशी उसवत होत्या, आणि एका पेशंटचा प्लॅस्टर घातलेला हात वॉर्डात सगळ्यांसमोर खाली आला होता. त्याने आरडाओरडा केला, नातेवाईक डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसले, आणि त्यानंतर डॉक्टरांनी म्हणे पहिल्यांदाच खरेदीची फाइल स्वतः मागवली. मावशींना नमुना घेऊन बोलावलं. त्या नमुना आणि आमचं एक पान, दोन्ही घेऊन गेल्या. कुणी काही मागितलं नाही. दोन्ही बायका परत कामावर आल्या. तो साहेब मात्र आहे तिथेच आहे. डॉक्टरांचा मेहुणाच तो, जाणार कुठे?

अध्यक्षांच्या पलंगांची ऑर्डर परत आली नाही. दुसऱ्याचे पलंग एकदा बसले की दहा वर्षं हलत नाहीत. आणि ज्या परदेशी खरेदीदारासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्याला आम्ही आचारसंहिता पाठवली तेव्हा त्याने आभाराची दोन ओळींची मेल केली आणि माल दुसऱ्या देशातून घेतला. अध्यक्ष हे दर बैठकीत, दर वेळी नव्याने सांगतात. पण बैठकीला येतात. मागच्या वेळी एका सर्जनने त्यांच्याकडे मुलाच्या मुंजीचा मंडप मागितला, ते त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर करून सांगितलं, आणि "मी नाही म्हटलं" हे चारदा सांगितलं.

चाळीसेक सह्यांपैकी आता अठरा उरल्यात. बाकीच्यांनी फ्रेमा ठेवल्यात, आम्ही नावं काढलीत. मला आधी वाटायचं, आकडा कमी झाला की काम फसलं. हल्ली कुणी आकडा विचारला की मी अठरा सांगते आणि गप्प बसते.

मग ठरल्याप्रमाणे मला जिल्ह्यांत पाठवलं. कोल्हापूरला पहिली बैठक झाली. अकराजण होते, सगळे छोटे कारखानदार, कुणी कुबड्या बनवणारे, कुणी ऑपरेशनचे चिमटे-कात्र्या घडवणारे. मी या वेळी सभागृह घेतलं नाही, एकाच्या कारखान्याच्या अंगणात बसलो. मी माझं पान वाचायच्या आधी अष्टविनायक आणि अरंगेत्रम सांगितलं. ते हसले. मग आईचा पट्टा सांगितला, तेव्हा हसले नाहीत. एका कुबडीवाल्याने सरळ विचारलं, "आमचा तोटा हुणार का न्हाई, ते सांगा." मी सांगितलं, होईल. मानखुर्दला झाला. काहींचा भरून निघाला, काहींचा नाही. तो म्हणाला, "मग लोकांनी सह्या का करायच्या?" मी म्हटलं, "एकट्याने करूच नका. चारपाच जण मिळून करणार असाल तरच करा, आणि महिन्यातून एकदा एकमेकांना तोंड दाखवा."

अकरातल्या दोघांनी सह्या केल्या. नऊजण विचार करतो म्हणाले आणि मला मिसळ खायला घेऊन गेले. माझे पैसे मी दिले. त्यावरून तिथे जरा वाद झाला, पण मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईच्या गाडीत असताना त्या दोघांपैकी एकाचा फोन आला. चिमटेवाल्याचा. आवाज फार गंभीर होता. "मॅडम, एक अडचण आहे. दर वर्षी मी आमच्या दाजींना आंब्याची पेटी पाठवतो. दाजी सर्जन आहेत."

"तुमचा माल वापरतात?"

"तेच सगळ्यात जास्त वापरतात."

मी बराच वेळ विचार केला. गाडी घाटात होती, फोन मध्येच तुटला, मी परत लावला.

"असं करा," मी म्हटलं, "पेटी दवाखान्यात पाठवू नका. दाजींना आणि ताईंना घरी जेवायला बोलवा आणि आमरस करा."

"आणि ते म्हणाले की पेटी कुठंय?"

"तर सांगा, संपली."

"आमची ताई लई भांडंल मॅडम," तो म्हणाला. "पण बघतो."